पाच वर्षांच्या मुलीला घरी कोलांटी कशी शिकवायची?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेक पाच वर्षांची आहे, दिवसभर पलंगावर कोलांट्या मारते, आजींना तिच्या मानेची भीती वाटते. क्लासमध्ये मागची कोलांटीही सुरू केली आहे, तर तिचा सराव घरी घ्यावा का? पुढची कोलांटी घरी शिकवता येते, पण पलंगावर नाही. मागची या वयात घरी नकोच. आजींची भीती रास्त आहे, कारण पलंगावरच्या बहुतेक कोलांट्या टाळूवरून होतात.

पलंगाची गादी मऊ असते. हात टेकले की तळवे आत जातात, कोपरं बाहेर फाकतात आणि वजन डोक्यावर येतं. डोकं गादीत रुतून जागीच राहतं, अंग मात्र पुढे जातं, मग मान दुमडते. पलंगाच्या कडेवरून पडायचा धोका आहेच. दुसरं टोक म्हणजे फरशीवर नुसती योगा मॅट. तिची जाडी 4 ते 6 मिलिमीटर. मणक्यांना फरशी लागते, आणि पाठ दुखली की मूल पुढच्या वेळी पाठ ताठ करतं. म्हणजे गोल व्हायच्या ऐवजी धप्पकन पडायला शिकतं. साधारण 4 ते 5 सेंटीमीटर जाडीची घट्ट फोमची मॅट घ्या, 4 बाय 6 फुटांची पुरते. घेताना तिच्यावर एका गुडघ्यावर सगळं वजन देऊन बघा. खालची जमीन लागली तर ती मॅट नको. कापसाची घट्ट भरलेली गादी चालेल, गठ्ठे झालेली नको. खाली सतरंजी घालू नका, टाइल्सवर सरकते. टीपॉय खोलीबाहेर.

सुरू करण्याआधी पायमोजे, साखळी, ताईत, बांगड्या, टोपीचा शर्ट, सगळं काढा. करदोड्याला घुंगरू किंवा पदक असेल तर तोही, कमरेवर नेमका तोच टोचतो. केसांचा अंबाडा किंवा क्लिप असेल तर डोकं नीट आत जात नाही. दोन खालच्या वेण्या घाला. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या.

आता मुख्य गोष्ट. कोलांटीत वजन दोन्ही हातांवर येतं, मग मानेखालच्या भागावर आणि खांद्यांच्या मागच्या बाजूला. टाळू जमिनीला लागतच नाही. फार तर डोक्याची मागची बाजू ओझरती घासते. एवढं साधायला मुलाला दोन गोष्टी आधीच यायला हव्यात, हनुवटी आत धरून ठेवणं आणि हातांवर वजन घेणं. त्या न येताच कोलांटी करून घेतली जाते, तिथे सगळं बिघडतं.

हनुवटीसाठी रुमालाचा खेळ. रुमालाची छोटी घडी हनुवटीखाली धरायला द्या, गुडघे पोटाशी, हातांनी नडग्या धरलेल्या, आणि पाठीवर मागे-पुढे डोलायचं. रुमाल कधी पडतो ते नीट बघा. मागे जाताना पडला तर ती डोकं मागे टाकते आहे; कोलांटी अजून लांब आहे. वर येताना पडला तर फारसं बिघडत नाही. दुसरी चाचणी: उताणं झोपून फक्त डोकं उचलायचं, हनुवटी छातीला, आणि तुम्ही सावकाश दहा अंक मोजायचे. मान थरथरली किंवा हनुवटी वर निघाली तर अजून काही दिवस डोलणंच.

हातांसाठी अस्वलाची चाल: तळवे आणि पावलं जमिनीवर, गुडघे वर, बूड उंच. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ससा उडी, हात टेकून दोन्ही पाय किंचित उचलायचे. तीन वर्षांच्या धाकट्यांना इथपर्यंतच ठेवा, सोबत लाटण्यासारखं ताठ होऊन आडवं लोळणं द्या. त्यांना तेवढ्यातच मजा येते.

पहिली कोलांटी उतारावरून. मॅटच्या एका टोकाखाली घट्ट उशा किंवा सोफ्याची गादी सारून ते टोक 15 ते 20 सेंटीमीटर उंच करा. प्लायवूडची फळी विटांवर टेकवण्याचे उद्योग नकोत, फळी घसरते. उंच टोकाला, तोंड उताराकडे करून तिला उकिडवं बसवा. हात खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं पुढे, पावलांपासून साधारण एक वीत पुढे. मग बूड वर. इथे थांबून तिला स्वतःच्या पोटाकडे बघायला सांगा, "बेंबी दिसते का?" एवढं पुरतं. नजर पोटाकडे गेली की हनुवटी आपोआप आत जाते. मग पायांनी हलकं ढकलायचं. पाठ गोल, गुडघे छातीशी, पावलं जमिनीवर, हात पुढे करून उभं राहायचं.

तुम्ही तिच्या बाजूला गुडघ्यावर बसा, समोर नाही. एक हात मांडीच्या मागे, दुसरा डोक्याच्या मागच्या भागावर. मांडीवरचा हात बूड वर आणि पुढे नेतो, त्याच वेळी डोक्यावरचा हात फक्त हनुवटी आत ठेवायची आठवण देतो. त्या हाताने डोकं खाली दाबायचं नाही, हे पालकांकडून सर्रास होतं. मान धरून ओढायचंही नाही. तिचे हात वाकताहेत असं वाटलं तर मांडीवरच्या हाताने जरा उचला, वजन तुमच्याकडे येईल.

बिघाड ओळखायला फार अवघड नसतात. धप्प आवाज आला तर अंग लवकर उघडलं. कडेला कलंडली तर एक हात जास्त ढकलतो आहे किंवा एक हात मागे आहे, मॅटवर खडूने तळव्यांच्या खुणा करा. उठताना हात मागे टेकत असेल किंवा पाय आडवे घालत असेल तर वेग कमी पडला. उतारावर परत न्या, नुसतं "जोर लाव" म्हणू नका. टाळू टेकली तर बूड पुरेसं वर नाही, आणि त्या दिवशी कोलांटी बंद, परत अस्वलाची चाल. एका वेळी पाच-सहा कोलांट्या, मध्ये उभं राहून खेळ. सगळं मिळून 15 मिनिटं. चक्कर आलेलं मूल हनुवटी सोडतं.

मागच्या कोलांटीचं गणित वेगळं आहे. तिथे तळवे कानांजवळ टेकून अंग मानेवरून वर उचलावं लागतं, म्हणून हात डोक्याच्या वर पुरेसे निघायला हवेत. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात. पूर्वी शाळेत घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावत, तीच चाचणी इथे कामाची. कान नीट हातात येत नसेल तर मागची कोलांटी म्हणजे सगळं वजन मानेवर. साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास ते जमायला लागतं, तेव्हाही उतारावरच, आणि शिकवणाऱ्याने कंबर दोन्ही बाजूंनी धरून वर उचलायची. पाठीमागून पाय ढकलणं म्हणजे मान दाबणं.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कोलांटी देऊ नका. त्यांच्यात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल असू शकतात. मान दुखते म्हणाली तर त्या दिवशी थांबा. हाताला मुंग्या, बधिरपणा, किंवा पडल्यावर मान हलवता येत नसेल तर उचलून बसवू नका, आहे तशीच ठेवून 108 ला फोन करा.

क्लासमध्ये जाऊन एकदा बघा की मागची उतारावर घेतात की सपाट मॅटवर, आणि प्रत्येक मुलाजवळ कोणी असतं का. सपाट मॅटवर रांगेत उभं करून घेत असतील तर सरांना स्पष्ट सांगा, हिला एक वर्ष फक्त पुढची आणि डोलणंच द्या. चांगला शिकवणारा यावर वाद घालत नाही.