राउटर तापतोय? आधी अडॅप्टर पाहा

प्रश्न : आमचा वायफाय राउटर टीव्हीच्या कपाटात सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला आहे. दुपारी तो चांगलाच तापतो आणि इंटरनेट मधूनच तुटतं. यातून आग लागू शकते का? वर छोटा पंखा बसवू का?

उत्तर : राउटर हाताला कोमट लागतोच. तो खातो ती वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. बहुतेक घरगुती राउटर भोवतालची हवा 40 अंश सेल्सिअसपर्यंत असेल, असं धरून बनवलेले असतात. बंद कपाटात, तेही दुसऱ्या तापणाऱ्या यंत्रावर, ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग चिप आपला वेग कमी करते किंवा राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. तुमचं इंटरनेट बहुधा त्यामुळेच तुटतं. राउटर उघड्यावर, जाळ्या मोकळ्या राहतील असा ठेवा. पंख्याची गरज उरणार नाही. बसवायचाच असेल तर राउटरच्या यूएसबी पोर्टवर चालवू नका, तो भारही अडॅप्टरवरच पडतो.

आगीचं विचाराल तर राउटरपेक्षा अडॅप्टरची काळजी जास्त. घरातला मुख्य वीजदाब तिथे येतो. राउटरला पुढे मिळतात ते बहुधा 12 किंवा 9 व्होल्ट. जुना अडॅप्टर गेला की हाती लागेल तो जोडला जातो, आणि घोळ इथेच होतो. व्होल्ट अगदी तेच हवेत, पिनचे धन-ऋणही तेच. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही : दीड अँपिअर मागणाऱ्या राउटरला अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर दिला तर तो सतत ताणाखाली तापत राहतो. सॉकेटमध्ये सैल बसणारा प्लगही तितकाच वाईट, कारण सैल जोडाशी रोध वाढतो आणि उष्णता नेमकी तिथे साठते. प्लगभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर सॉकेटही बदलून घ्या.

राउटरला मिनी यूपीएस असेल तर त्यातले लिथियम सेल तपासा. डबी फुगलेली दिसली की वापर थांबवा. दाबू किंवा टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

प्रश्न : जळका वास आला तर?

उत्तर : सॉकेटचं बटण बंद करा. तेच तापलं असेल तर हात न लावता मेन स्विच पाडा. ज्वाळा दिसल्या आणि वीज तोडल्याची खात्री नसेल, तर पाणी मारू नका. कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरा. लिथियम सेल पेटले असतील तर धूर विषारी असतो, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. वास गेला म्हणून तोच अडॅप्टर पुन्हा लावून पाहू नका.