‘आईची शपथ, कुणाला सांगायचं नाही’

वाचकांचे प्रश्न

(दोन्ही पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे व गावे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.)

प्रश्न : आदरणीय ताई, मी इयत्ता दहावीत शिकतो. माझा एक मित्र पाचवीपासून माझ्याच बाकावर बसतो. वर्गातला सर्वांत वात्रट मुलगा म्हणून त्याचे नाव आहे. शिक्षकांच्या नकला तो इतक्या हुबेहूब करतो की एकदा दारात येऊन उभ्या राहिलेल्या गणिताच्या सरांनाही हसू आवरले नव्हते. नववीत त्याने दोनदा मारामारी केली, घरी चिठ्ठी गेली आणि तेव्हापासून शिक्षक त्याला वाया गेलेला समजतात. दिवाळीनंतर मात्र तो बदलला आहे. वर्गात अजूनही हसवतो, पण मधली सुट्टी झाली की डबा माझ्यापुढे सरकवून सायकल स्टँडवर एकटाच जाऊन बसतो. ग्राउंडवर येणे त्याने बंद केले आहे. रात्री दोन-अडीच वाजता मला मेसेज पाठवतो आणि मी सकाळी पाहीपर्यंत तो पुसून टाकलेला असतो. गेल्या रविवारी तो आपली बॅट माझ्या घरी ठेवून गेला. तिची ग्रिप त्याने स्वतः चढवली होती आणि आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. ‘तूच वापर, मला आता लागणार नाही,’ असे म्हणाला. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाला, ‘मी नसलो तर घरचे सुटतील, असं वाटतं कधीकधी.’ लगेच हसला आणि आईची शपथ घालून हे कुणाला सांगू नकोस म्हणाला. सांगितले तर मैत्री तुटेल, नाही सांगितले तर मला झोप लागत नाही. तो खरोखर आजारी आहे की नाटक करतो आहे?

उत्तर : तुझे पत्र वाचले त्याच दुपारी मी तुला फोन केला, कारण अंक छापून हाती येईपर्यंत थांबावे असा हा मजकूर नव्हता. आपले जे बोलणे झाले आणि त्यानंतर तू जे केलेस, ते इतर वाचकांसाठी तुझ्या परवानगीने येथे मांडत आहे. तुझ्यासारखीच शपथ गळ्यात घेऊन बसलेला दुसरा एखादा मुलगा हे वाचत असेल, तर त्याने मात्र पत्र लिहीत बसू नये. पुढे ज्याला सांग असे म्हटले आहे, त्याला आजच सांगावे.

आधी नाटकाविषयी. नैराश्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उतरलेला चेहरा आणि भरून आलेले डोळे येतात. मोठ्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. किशोरवयात मात्र हा आजार उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसू शकतो, आणि मानसोपचारतज्ज्ञ निदानाचे जे निकष वापरतात त्यांतही मुलांच्या व किशोरांच्या बाबतीत ही मुभा स्पष्टपणे दिलेली आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन उदास किंवा चिडलेले असणे अथवा आवडत्या गोष्टींतला रस उडून जाणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता व अंगातले त्राण यांचे गणित बिघडणे, असे साधारण त्याचे स्वरूप असते. तुझ्या मित्राने खेळ सोडला, डबा सोडला, रात्रीची झोप गेली. तो वर्गात हसवतो याचा अर्थ बाकीचे खोटे आहे असा होत नाही. चाळीस मिनिटांच्या तासापुरते त्याला हसवणे जमते आणि घंटा झाली की ते अवसान गळून पडते, म्हणूनच तो सायकल स्टँडवर जाऊन बसतो.

यात आपण मोठी माणसेही गुंतलेली आहोत. मुलगा पाच-सहा वर्षांचा असतो तेव्हापासून ‘रडतोस काय मुलीसारखा’ हे वाक्य त्याच्या कानांवर पडत राहते. रडायची सोय अशी काढून घेतल्यावर त्याच्याकडे उरतात फक्त राग आणि थट्टा. त्यातल्या रागासाठी शाळेच्या वहीत लाल शेरा पडतो आणि थट्टेसाठी टाळ्या मिळतात. दोन्हींच्या मागे काय चालले आहे हे पाहण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. नववीतल्या त्या दोन मारामाऱ्यांच्या वेळी त्याला ‘का मारलेस’ एवढेच विचारले गेले असणार. ‘बरा आहेस ना’ असे कुणी विचारले होते का, हे तू मला फोनवर सांगू शकला नाहीस.

सराव परीक्षेत गुण कमी पडले किंवा संघातून नाव वगळले म्हणून चार दिवस तोंड पाडून बसणे हा आजार नव्हे, आणि प्रत्येक रुसव्याला डिप्रेशन म्हणण्याची जी नवी सवय लागली आहे ती मला पसंत नाही. पण जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणे आणि ‘मी नसलो तर घरचे सुटतील’ असे म्हणणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबायचे नसते. मग ते वाक्य हसत म्हटलेले असो वा रडत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. साठ जणांच्या वर्गात हे प्रमाण धरले तर चार-पाच जण होतात. तुझ्या वर्गात त्यातला एक तुझ्याच बाकावर बसत होता, इतकेच.

आता शपथ. ती मोडायची, पण त्याच्या पाठीमागे नव्हे. मी तुला सांगितले होते की आधी त्याला गाठ, आणि गाठताना समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखे करू नकोस. तुमच्या वयाची मुले एकमेकांच्या डोळ्यांत पाहून मनातले क्वचितच बोलतात. सायकली हातात धरून क्लासहून परत येताना किंवा कट्ट्यावर शेजारी बसून समोरचा रस्ता पाहताना ती बरेच काही बोलून जातात. म्हणून तुम्ही दोघे पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलात. तेथे तू त्याला सरळ विचारलेस, ‘जीव द्यायचं डोक्यात येतं का तुझ्या?’ हा प्रश्न विचारायला मोठेही कचरतात, कारण विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती असते. तसे होत नाही. उलट ज्याच्या मनात तो विचार आहे, त्याला कुणीतरी ओळखले म्हणून थोडे मोकळे वाटते. त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही, मग ‘येतं’ म्हणाला. त्यावर तू त्याला म्हणालास, ‘मी हे एकट्याने नाही सांभाळू शकत. आपण तुझ्या मामाला सांगू. तू सांगतोस की मी सांगू?’ हे शब्द तुझे स्वतःचे आहेत. माझ्या टेबलावर अनेक पुस्तके आहेत, पण याहून नेमके वाक्य मला त्यांत सापडले नसते.

मामाची निवड का, हेही सांगायला हवे. वडिलांचा हात चटकन उठतो आणि आई घाबरून जाते, हे तुला ठाऊक होते. मोठ्या माणसाची निवड नात्याच्या जवळिकीवर करायची नसते. ऐकल्यावर जो ओरडणार नाही आणि उठून चालू लागेल, तो निवडायचा. तो काका असेल, ग्राउंडवरचे सर असतील, फॅमिली डॉक्टर असतील. वर्गातल्या ग्रुपवर मात्र चकार शब्द टाकायचा नाही. मामा येईपर्यंत तू त्याच्याजवळच बसून राहिलास, तेही योग्यच केलेस, कारण अशा वेळी त्या मुलाला एकटे सोडू नये. आणि कुणीच मोठे माणूस हाताशी नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती मोफत आहे, रात्री अडीच वाजताही मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. मित्राच्या वतीने तू फोन केलास तरी चालतो. धोका अगदी डोळ्यांसमोर असेल, तर फोनवर बोलत न बसता त्याला घेऊन थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे.

शाळेला सांगावे का, असे तू विचारले होतेस. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले आहे. तुमच्या शाळेत तो अद्याप आलेला नाही, आणि ज्या शिक्षकांनी तुझ्या मित्राला वाया गेलेला ठरवले त्यांच्यापुढे त्याला उभे करण्याची घाई मी करणार नाही. परीक्षेच्या सोयीसवलतींसाठी डॉक्टरांचे पत्र घेऊन मामांनी मुख्याध्यापकांना स्वतंत्रपणे भेटावे, एवढे पुरे.

तो आता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो, आणि अकरा दिवस झाले तुझ्याशी बोललेला नाही. हा राग खरा आहे. तो लवकर जाईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही. त्याला बरे करणे हे तुझे काम नव्हते आणि नाही. वह्या पोहोचवणे, क्लासला जाताना नेहमीसारखी घंटी वाजवणे, उत्तर आले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवणे, हे तुला जमण्यासारखे आहे. तुला स्वतःला अजून झोप लागत नसेल, तर १४४१६ हा क्रमांक तुझ्यासाठीही आहे. बॅट परत देण्याची घाई करू नकोस. ती वापरूही नकोस. त्याची म्हणून ठेवली आहे, एवढे त्याच्या कानावर घाल.

प्रश्न : माझे किराणा मालाचे दुकान आहे. मुलगा सोळा वर्षांचा असून दहावीत आहे. चार महिने तो पोट दुखते, डोके दुखते म्हणून शाळा बुडवत होता. रक्त तपासले, सोनोग्राफी केली, काही निघाले नाही. मी त्याला कामचोर समजलो. एके संध्याकाळी त्याचा मित्र दुकानात आला आणि गल्ल्याजवळ उभा राहून हळूच म्हणाला, ‘काका, त्याच्याशी बोला, तो बरा नाही.’ गिऱ्हाइकांसमोर मला ते लागले. ‘तुझ्याच नादाने तो बिघडला, पुन्हा दारात दिसू नकोस,’ असे म्हणून मी त्याला हाकलले. महिन्याभराने मुलाने औषधाच्या गोळ्या घेऊन स्वतःचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला. देवाच्या कृपेने वाचला. नैराश्याचे निदान होऊन औषध सुरू झाले, त्याला आठ दिवस झाले. गोळ्यांची सवय लागेल का? पोलिसांचे झंझट होईल का? आणि तो मित्र आता येत नाही, मुलगा त्याचे नावही काढत नाही. याचे काय करावे?

उत्तर : पोलिसांची भीती प्रथम बाजूला ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करता येत नाही, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठी शिक्षा सांगणारे, जुन्या भारतीय दंड संहितेतले ३०९ कलम उरलेलेच नाही. रुग्णालयातून पोलिसांना कळवले गेले असेल आणि कुणी जबाब घ्यायला आले, तर तो रिवाजाचा भाग आहे. जे घडले ते सांगावे.

नैराश्यावरील औषधांची नशेसारखी चटक लागत नाही. परिणाम दिसायला मात्र चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि याच सुरुवातीच्या काळात काही तरुण रुग्णांमध्ये अस्वस्थता व जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून या दिवसांत त्याच्यावर अधिक लक्ष ठेवा आणि काही वेगळे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. घरातली सर्व औषधे आणि दुकानातली उंदीर-झुरळांची विषारी औषधे कुलुपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे ठेवा, त्याची गोळी रोज स्वतःच्या हाताने द्या. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. औषधाबरोबर समुपदेशनही चालू असले तर उत्तम. पोटदुखीबद्दल एवढेच सांगते की तपासणीत काही न निघणे म्हणजे दुखत नसणे नव्हे. त्याचे पोट खरोखर दुखत होते.

मित्राविषयी मात्र मी तुम्हाला थोडे कठोर लिहिणार आहे. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मित्राच्या वडिलांसमोर, भर दुकानात येऊन ते वाक्य बोलला. त्यासाठी त्याने किती फेऱ्या त्या दुकानासमोरून मारल्या असतील याची कल्पना करा. तुमच्या घरात जे कुणाला दिसले नाही ते त्याला दिसले होते. पुढे जे घडले ते तुमच्यामुळे घडले असे मी म्हणत नाही, नैराश्याला एकच एक कारण नसते. पण तो मुलगा आज स्वतःलाच दोष देत असण्याची शक्यता मोठी आहे. आपण नीट सांगितले नाही, पुन्हा जायला हवे होते, असे त्याच्या मनात चालले असेल, आणि त्याच्या घरी कदाचित यातले काहीच माहीत नसेल.

म्हणून आधी मुलाला विचारा, ‘मी त्याच्या घरी गेलो तर चालेल का?’ तो हो म्हणाला तर दुकान बंद झाल्यावर स्वतः जा. त्याच्या आईवडिलांदेखत त्याला सांगा की तू बरोबर होतास आणि मी चुकलो. मुलाच्या आजाराचा तपशील मुलाने परवानगी दिली असेल तेवढाच सांगा. त्याला घरी येण्याची गळ घालू नका, तुमची पोरे त्यांचे ती पाहतील. मुलगा नाही म्हणाला तर आठवड्याभराने पुन्हा विचारा. आणि तो मित्र पुन्हा कधी गल्ल्याजवळ येऊन उभा राहिला, तर गिऱ्हाईक थांबवून आधी त्याचे ऐका.