सकाळच्या थंडीत पेट्रोल गाडी का खोकते?

डिसेंबर लागला की पत्रांचा विषय ठरलेला. खानापूरकडच्या पेट्रोल जीपा, मिलिटरीच्या लिलावातून आलेले निसान, गोव्याला भाजी नेणाऱ्या ओम्नी, सगळ्यांची तक्रार एकच: सकाळी गाडी धड चालत नाही, तापली की ठीक. उत्तरांकडे वळण्याआधी या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. पेट्रोल द्रव असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन गार असताना कार्बोरेटरमधून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, आलेलं पेट्रोल इंटेकच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या) गार भिंतींना चिकटतं आणि सिलिंडरपर्यंत वाफ कमी पोचते. चोक ओढला की त्याची झडप हवेची वाट अडवते, त्यामुळे ओढ वाढून पेट्रोल जास्त येतं आणि त्यातल्या हलक्या भागाच्या वाफेवर इंजिन चालू होतं. म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जास्तच लागतं. कुठून तरी जादा हवा शिरत असेल किंवा पेट्रोल कमी पडत असेल, तर तो दोष आधी सकाळी दिसतो आणि दुपारी तापलेली गाडी गॅरेजवर नेली की लपतो. म्हणून माझा आग्रह असतो की गाडी रात्रीच गॅरेजवर सोडा आणि मिस्त्रींना ती सकाळी, बॉनेटला हात लावला तर गार लागेल अशा वेळी बघायला लावा.

प्रश्न, खानापूर तालुक्यातून : काका, आमची जुनी पेट्रोल जीप जांबोटीच्या वाटेवर वडापला असते. सकाळी चोक ओढला की लगेच चालू होते, पण चोक आत ढकलला की बंद. एक्सलेटर दाबला की कार्बोरेटरमधूनच फट्‌ करून आवाज येतो. पंधरा मिनिटांनी सगळं बरोबर. कार्बोरेटरचं किट दोनदा बदललं, फरक नाही.

उत्तर : चोकवर चालते, चोक काढला की मरते आणि उलटा फटका कार्बोरेटरमधून येतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की मिक्श्चर पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी आहे. किट दोनदा बदलूनही फरक नाही, म्हणजे हवा बहुतेक कार्बोरेटरच्या खालून शिरते आहे. दर वेळी कार्बोरेटर उतरवून बसवताना नट कचकचून आवळले जातात आणि त्याचा फ्लँज, म्हणजे खालची सपाट बैठक, दोन्ही टोकांना वाकतो. कार्बोरेटर उतरवून फ्लँज सपाट काचेवर ठेवा आणि पलीकडून बॅटरीचा उजेड मारा. मधून उजेड दिसला तर तीच वाट हवेची. काचेवर एमरी पेपर पसरून फ्लँज सरळ होईपर्यंत हलक्या हातानं घासून घ्या, नवीन पॅकिंग टाका आणि नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा.

उतरवण्याआधी खात्री करायची असेल तर गार इंजिन चोकवर हळू चालू ठेवून साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या सांध्यांवर लावा. जिथे फेस आत ओढला जाईल आणि इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे गळती आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. ते कुणीही करू नका, धुराचा तापलेला एक्झॉस्ट तिथेच हातभर अंतरावर असतो. व्हॅक्यूमच्या नळ्या असतील तेवढ्या वाकवून बघा. जुनं रबर वाकवलं की चीर दिसते. थ्रॉटलचा, म्हणजे एक्सलेटरनं उघडणाऱ्या झडपेचा, दांडा बोटांनी वरखाली हलवा. तो खडखडत असेल तर बुश गेलेत आणि तिथूनही हवा शिरते.

एक्सलेटर दाबल्यावर फटका येतो त्याचं आणखी एक कारण असतं. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, चोकची झडप उघडी ठेवा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल झटकन ओढा. पेट्रोलची बारीक पण सलग धार दिसली पाहिजे. नुसते थेंब पडले किंवा धार उशिरा आली तर एक्सलेटर पंपाचा वॉशर आकसलाय.

आता या गाड्यांत हमखास सापडणारी गोष्ट. तुमच्या जीपला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, आहे का? आपल्याकडे गाडी एकदा घाटात तापली की पहिला थर्मोस्टॅट काढून टाकतात, आणि तो परत कधीच बसत नाही. तुमचं इंजिन जुनं हरिकेन (जुन्या जीपांचं पेट्रोल इंजिन) असेल तर त्याचा इंटेक हेडमध्येच ओतलेला आहे, म्हणजे त्याला ऊब मिळते ती पाण्याकडून. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, हेड लवकर तापत नाही आणि चोक लांबतो. चोकवरचं जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं. ॲव्हरेजही जातो, पिस्टनच्या रिंगाही झिजतात. नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोऱ्यानं लटकता सोडा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुतेक ८० अंशांच्या आसपास, झडप उघडली तर माल चांगला. घाटात गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करून घ्या. थर्मोस्टॅट काढणं हा त्यावरचा उपाय नाही.

प्रश्न, काकतीहून : लिलावात घेतलेला मिलिटरीचा निसान वन टन आहे. सकाळी चोक ओढून कितीही स्टार्टर मारला तरी उचलत नाही, पेट्रोलचा वास सुटतो. कशीबशी चालू झाली तर काळा धूर. शेजारी म्हणतात, कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल घाला.

उत्तर : बाटलीचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा आणि बाटली दूर ठेवा. उलटा फटका आला तर ज्वाळा थेट हातावर येते. शिवाय तुमच्या गाडीला पेट्रोल कमी पडतच नाही, ते जास्त होतंय. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतली ही गाडी, सहा सिलिंडर आणि जवळपास चार लिटरचं इंजिन. एवढं इंजिन गारठ्यात फिरवायला बॅटरी जोरदार लागते. घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टर सगळा करंट ओढतो, ठिणगी देणाऱ्या कॉइलला व्होल्टेज उरत नाही, ठिणगी लालसर आणि कमजोर पडते. चोकनं आणलेलं पेट्रोल मग न जळता प्लग भिजवतं. स्टार्टर फिरत असताना बॅटरीवर मीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिची टोकं आणि अर्थिंगची वायर बघा. लिलावातल्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या असतात. त्यांची अर्थिंग गंजलेली असते आणि ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या पॉइंटवर काजळीचा थर बसलेला असतो.

आज सकाळपुरतं करायचं ते असं: चोक पूर्ण आत ढकला, एक्सलेटर तळाला दाबून तसाच धरा, तो पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, आणि स्टार्टर द्या. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. गाडी चालू झाली की पाय उचला. तरीही काळा धूर राहिला तर फ्लोट चेंबरची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्याची) नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, बसत नाहीये, किंवा त्यात तरंगणाऱ्या पितळी फ्लोटला भोक पडून आत पेट्रोल शिरलंय. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल असेल तर आवाज येतो.

प्रश्न, संकेश्वरहून : इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून सकाळचा त्रास वाढला असं सगळे म्हणतात. खरं की काय?

उत्तर : खरं आहे, पण अर्धंच. ऊस आपल्याच शिवारातला, म्हणून हा विषय आपल्याकडे जिव्हाळ्याचा आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत झाली. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता लागते, म्हणून गार इंजिनाला ते जड जातं. दुसरं असं की साध्या पेट्रोलला जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिसळलं की गरज साडेतेराच्या आसपास येते. नव्या इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं, भोक मात्र तेवढंच राहतं, म्हणून मिक्श्चर थोडं पातळ होतं. ज्या गाडीत आधीच हवा शिरत होती, तिचा दोष आता उघडा पडलाय.

जेटला तार घालून भोक मोठं करू नका, ते परत लहान होत नाही. हवेच्या गळत्या बंद करा, ठिणगीचं टायमिंग आणि पॉइंट बरोबर करा, मगच तापलेल्या इंजिनावर स्लोचा (हळू चालीचा) मिक्श्चर स्क्रू थोडा फिरवा. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, फ्लोटखालचे रबर इथेनॉलला सोसतील असे नवीन टाका. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी असेल तर टाकीच्या तळाचा नट उघडून पाणी काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

प्रश्न, बेळगाव शहरातून : पहाटे भाजी घेऊन चोर्ल्याहून गोव्याला जातो. कार्बोरेटरची ओम्नी आहे. घरून छान निघते, कणकुंबीच्या पुढे धुक्यात स्लो पडते आणि बंद होते. पाच-दहा मिनिटं थांबलो की आपोआप चालू. पेट्रोल पंप बदलून झाला.

उत्तर : पंपाचा दोष नव्हता. कार्बोरेटरच्या तोंडात बर्फ जमतोय. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते. बाहेर १०-१५ अंश आणि दाट धुकं असेल तर थ्रॉटलजवळ पारा शून्याखाली जातो आणि हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होतो. घाटात उतरताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, तेव्हा हे जास्त होतं. गाडी थांबली की इंजिनाच्या उष्णतेनं बर्फ वितळतो, म्हणून ती आपोआप चालू होते. एक्झॉस्टवरच्या पत्र्यापासून एअर फिल्टरच्या तोंडाला गरम हवा नेणारी नळी तुमच्या गाडीला होती का ते बघा. बहुतेक ठिकाणी ती फाटली की फेकून दिलेली असते. ती परत लावा. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच फिल्टर काढून आत बघा, पांढरा थर दिसेल.

प्रश्न, निपाणीहून : गॅस किटची ओम्नी, पेट्रोलवर सकाळी मुळीच चालत नाही.

उत्तर : महिनोन्‌महिने पेट्रोल वापरलं नाही की फ्लोट चेंबरमध्ये उरलेलं पेट्रोल सुकून जेटमध्ये राळेसारखा थर बसतो. कार्बोरेटर खोलून साफ करा आणि यापुढे आठवड्यातून एकदा तरी काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

प्रश्न, येळ्ळूरहून : निघण्याआधी इंजिन किती वेळ तापवावं?

उत्तर : गाडी स्थिर चालू लागली की निघा, अर्धं-एक मिनिट पुरे. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवा आणि चोक टप्प्याटप्प्यानं आत ढकला. उभ्या उभ्या चोकवर तापवलं तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. आणि दार लावलेल्या शेडमध्ये तर गाडी चालू ठेवूच नका. चोकवरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, त्याला वास नसतो आणि बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो. गाडी आधी अंगणात काढा, मग चोकचं बघा.