पहिल्यांदाच नवी एकांकिका बघायला जातोयस ना?

तिसऱ्या घंटेच्या आधी जागेवर बस. दोन-तीन अंकी नाटकात पहिली पाच मिनिटं चुकली तर सावरता येतं, तास-पाऊण तासाच्या एकांकिकेत नाही. लेखकाने सगळी बीजं तिथेच पेरलेली असतात.

कथेचा सारांश आधी विचारू नकोस. वस्तूंकडे लक्ष ठेव. मागे आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात एका नव्या लेखकाची एकांकिका पाहिली. रंगमंचावर फक्त एक लोखंडी खाट. आई त्या खाटेवर मुलाच्या शर्टाची घडी घालते, मोडते, परत घालते. तिसऱ्यांदा घडी घालताना तिचा हात बाहीवर थांबला आणि मुलगा परतणार नाही हे मला कळलं. संवादात ते कुठेच नव्हतं. अशी जागा सापडली की मला आजही भरून येतं.

भाषाही कान देऊन ऐक. पात्रं सिन्नर-निफाडकडची असतील, तर बोलीतला हेल खरा आहे की हशा मिळवायला वापरलाय, ते लगेच जाणवतं. ब्लॅकआउट मोज, दर दोन मिनिटांनी अंधार होत असेल तर बहुतेक वेळा लेखकाला प्रसंग पुढे नेता आलेला नसतो, असं माझं मत.

कुसुमाग्रज आणि कानेटकरांच्या गावात राहतोस म्हणून प्रत्येक नव्या लेखकाला त्यांच्या मापाने मोजू नकोस. या पोरांचा काळ वेगळा, अडचणी वेगळ्या.

प्रयोग संपला की आत जाऊन लेखकाला भेट. नुसतं ‘छान’ म्हणू नकोस. कुठली जागा लक्षात राहिली ते सांग.