पहिल्या दोन दिवसांचे कागद

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. विधी सेवेकडून, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या यंत्रणेकडून, तुला जन्मठेपेचं पहिलं अपील मिळालं, आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. निकालापासून करू नकोस. निकाल आधी वाचला की त्यातली हकीकत डोक्यात बसते, मग पुरावाही तसाच दिसायला लागतो. एफआयआर, पंचनामे आणि पहिल्या दोन दिवसांतले जबाब आधी काढ.

नाशिक जिल्ह्यातला 2003 चा खटला मी विसरू शकत नाही. पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जण मारले गेले. भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर आरोपी झाले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयानं आपला जुना निकाल मागे घेऊन, अपील पुन्हा ऐकून सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर 16 वर्षं गेली होती. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता!

निकाल फिरला तो कशावर? घटनेनंतर दोनच दिवसांनी, 7 जूनला, वाचलेल्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिनं चौघांना ओळखलं. ते चौघे या सहांतले नव्हते. त्यांचा माग कुणी काढला नाही, आणि पुढे तिनं या सहांना ओळखलं. त्या माउलीला दोष देऊ नकोस. स्वतः जखमी, घरातली माणसं गेलेली. दोष आहे तो ती ओळख बाजूला सारणाऱ्या तपासाचा. न्यायालयानं प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षांचे पाच लाख! वर्षाला किती पडले, तूच हिशोब कर.

अजून एक. अपिलाच्या पेपरबुकातलं, म्हणजे न्यायाधीशांपुढे जाणाऱ्या कागदांच्या संचातलं, भाषांतर मूळ मराठी जबाबाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. ‘अंधार होता’ आणि ‘अंधुक दिसत होतं’ यांत एका माणसाचं आयुष्य असतं.

आणि अपील लिहायच्या आधी तुरुंगात जाऊन तुझ्या अशिलाला भेट. त्याच्या वकिलाचं नाव काय, पुढची तारीख कधी, हे बहुतेक कैद्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दे. वाचता येत नसेल तर बरॅकीतलं कुणीतरी वाचून दाखवेल.

तुझा,
सर