वाचक विचारतात : विहीर शेजारी असून फायरची गाडी पाणी का घेत नाही?

मागच्या अंकात आपण उन्हाळ्यातल्या आगींवर प्रश्न मागवले होते, त्यातली निवडक पत्रं घेतोय. उत्तरं मी देतोय, मराठवाड्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रावर बरीच वर्षं काम केलंय म्हणून.

प्रश्न : आमच्या गावातल्या फायर स्टेशनवरनं रोज जातो. गाडी उभी, माणसं खाटेवर बसलेली. महिन्यात चार-दोन कॉल येत असतील, बाकीचे दिवस काय करायलेत हे लोक? (एक वाचक, परभणी जिल्हा)

तुम्हाला जी खाट दिसते ना, ती रात्रपाळी करून सकाळी बसलेल्या माणसाची असते बऱ्याचदा. सकाळी हजेरी झाली की पहिलं काम गाडी चालू करणं, टाकी काठोकाठ आहे का बघणं, सायरन, लाईट, बॅटरी, आणि मग पंप लावून पाच-दहा मिनिटं पाणी फिरवायचं. हे रोज. एक दिवस राहिलं आणि नेमका त्याच दिवशी कॉल आला तर गाडी स्टार्टच होत नाही, असं व्हायला वेळ लागत नाही.

मग होज, म्हणजे त्या लांब नळ्या. आगीवरून आल्यावर धुवून, उभ्या टांगून वाळवायच्या, ओल्या गुंडाळल्या की बुरशी धरते आणि कापड आतून कुजतं. महिन्यातून एकदा सगळ्या नळ्या अंथरून प्रेशर देतो, कुठं पाण्याची बारीक पिचकारी उडाली की तिथं खडूनं खूण. नळ्या जोडायच्या कपलिंगमधला रबरी वॉशर काढून बोटांत दाबून बघायचा, आमच्याकडच्या उन्हानं तो बिस्किटासारखा कडक होतो.

याशिवाय शाळेत प्रात्यक्षिक, जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मॉक ड्रिल (कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की मशीनमध्ये ठिणगी पडते, आणि दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत शिरलेली आग वरून पाणी मारून विझत नाही, गाठ फोडावी लागते). जानेवारी आणि जुलैत दवाखाने, मंगल कार्यालयं, क्लासेसवाले यांच्या मागं लागायचं, कारण 2006 च्या राज्याच्या कायद्यानं आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र या दोन महिन्यांत द्यावं लागतं. अन् एप्रिलचं तर विचारूच नका. 1944 साली 14 एप्रिलला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या जवानांना त्या दिवशी सकाळी केंद्रावर मानवंदना देतो, आणि संध्याकाळी भीमजयंतीच्या मिरवणुकीला गाडी घेऊन उभे. त्याच आठवड्यात कडब्याच्या गंज्या पेटायला लागतात.

प्रश्न : गेल्या वर्षी आमची सोयाबीनची गंजी जळाली. गाडी आली, दहा मिनिटांत पाणी संपलं आणि भरायला परत गेली. विहीर पन्नास पावलांवर होती. पाणी का घेतलं नाही? (एक शेतकरी, हिंगोली जिल्हा)

दादा, तुमचा राग मला कळतो. एका म्हाताऱ्या बाबांनी असंच माझा हात धरून विहिरीच्या काठावर नेलं होतं, "सायब, हीर तर हितंच हाय, लावा की पाईप!" मी वाकून बघितलं तर पाणी पार तळाला, वरून आरशाएवढं दिसत होतं. मागं गंजी जळतेय आणि मी त्यांना काय सांगू?

खरं कारण असंय की आमचा पंप जमिनीवर असतो आणि जमिनीवरचा पंप पाणी ओढत नाही, तो फक्त पाईपातली हवा काढून घेतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेचा दाबच तेवढा असल्यामुळं हिशोबानं जास्तीत जास्त दहा मीटर, आणि प्रत्यक्षात सात मीटर म्हणजे बावीस-तेवीस फूट, त्याच्या खालचं पाणी कितीही भारी गाडी आणली तरी येणार नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी पन्नास-साठ फुटांवर गेलेलं असतं. सक्शनच्या, म्हणजे पाण्यात सोडायच्या पाईपाच्या, जोडात केसाएवढी फट राहिली तर वीस फुटांवरचंही येत नाही, म्हणून जायकवाडीच्या कालव्याला पाणी सुटलं की आम्ही तिथं जाऊन सराव करतो.

आणि दहा मिनिटांचं म्हणाल तर गाडीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं, एका नळीनं मिनिटाला चारपाचशे लिटर जातं. बघा हिशोब.

मग करायचं काय, तर तुमची पाणबुडी मोटर. लाईट असेल तर मोटर चालू करून पाईप आमच्या टाकीच्या वरच्या तोंडात सोडायचा, एवढंच. त्यासाठी पाईप गाडीपर्यंत पुरला पाहिजे, म्हणून एक जास्तीचा तुकडा विहिरीवर ठेवा. वायरमनला फोन करताना नीट सांगा की गंजीवरची लाईन बंद कर, विहिरीची नको. नाहीतर सगळा फिडरच, म्हणजे आख्ख्या भागाची लाईन, बंद होतो आणि मोटरही जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गाडी येईस्तोवर आधी जनावरांची दावी कापा. मग पेटलेल्या गंजीवर घागरी ओतण्यापेक्षा शेजारची गंजी ओल्या ताडपत्रीनं झाका आणि ट्रॅक्टरनं मधे पट्टा नांगरून घ्या, पेटलेली बहुतेक वाचत नाही, शेजारची वाचते. आणि पुढच्या हंगामात तारांखाली गंजी लावूच नका, वाऱ्यात तारा घासल्या की ठिणगी खालीच पडणार.

प्रश्न : रात्री गॅसचा वास आला तर आधी काय करावं? (एक गृहिणी, औसा)

ताई, लाईटचं बटण चालूही नको आणि बंदही नको, दोन्हीत ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊनच करा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खाली झोपलेली लेकरं आधी उचला.

प्रश्न : गावात आग लागली तर फोनवर नक्की काय सांगायचं? (एक सरपंच, जालना जिल्हा)

पहिलं म्हणजे तुमच्या तालुक्याच्या केंद्राचा थेट नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण मोबाईलवरून 101 लावलं की कधी कधी फोन भलतीकडंच लागतो. 112 आहेच. गावाचं नाव सांगताना शेजारचं मोठं गावही सांगा, पिंपळगाव आणि वडगाव तर प्रत्येक तालुक्यात दोन-तीन आहेत. काय जळतंय, माणूस किंवा जनावर अडकलंय का, आणि रस्ता मोठी गाडी जाईल असा आहे का, पाणंद चिखलाची असली तर तेही सांगा. फोन ठेवू नका, आमचा माणूस ठेवेल. मग फाट्यावर एक पोरगं मोटरसायकल घेऊन उभं करा, रात्र असली तर हेडलाईट चालू ठेवून.