द्राक्षबाग विकून मुलीला पायलट करायचं का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, २००८ पासून नोकरीत. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. दोघांचं मिळून महिन्याला हातात साधारण १ लाख ३५ हजार येतात, ४० हजार शिल्लक पडतात. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला एअरलाइन पायलट व्हायचंय. पुण्यातल्या एका कॉलेजने बीएससी एव्हिएशनचे १७ लाख आणि त्यांच्याशी करार असलेल्या फ्लाइंग स्कूलचे ४८ लाख असं पॅकेज दिलंय. मे अखेर सगळे पैसे भरले तर ६ लाखांची सूट. आमच्याकडे १४ लाखांच्या ठेवी, ९ लाखांचे म्युच्युअल फंड, सांगलीत कर्जमुक्त फ्लॅट आणि दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेला गिऱ्हाईक आलंय. विकावी का? धाकटा मुलगा आठवीत आहे.

उत्तर : ताई, बाग आत्ता विकू नका, आणि मे अखेरच्या सवलतीच्या नादी तर अजिबात लागू नका. मुलीने पायलट व्हावं की नाही हा प्रश्न वेगळा. माझं म्हणणं पैसे कोणत्या क्रमाने घालायचे एवढ्यापुरतंच आहे.

आधी डिग्रीचं बोलू. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं डीजीसीए पदवी मागत नाही. वयाची १८ वर्षं, फिजिक्स-मॅथ्ससह बारावी, क्लास वन मेडिकल, लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. पदवी हवी ती पडत्या काळासाठी. मग विमान कंपन्याच बसल्या तर एव्हिएशनची पदवी कुठे चालणार? २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट, २०२० मध्ये कोरोना, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. त्या त्या वेळी मोकळे झालेले अनुभवी पायलट आणि नवखी पोरं एकाच रांगेत उभी होती. मुलीने मुक्त विद्यापीठातून बीकॉम किंवा तिला आवडेल ती पदवी घ्यावी. तिचा खर्च हजारांत आहे, १७ लाखांत नाही.

आता खर्चाचा खरा आकडा. कॉलेजच्या कागदावर ६५ लाख आहेत, पण ते लायसन्सपर्यंतचे. तुम्हाला हिशेब पहिल्या पगारापर्यंतचा करायचाय. डिग्रीचे पैसे वगळून मी असा धरतो : उड्डाण आणि मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) प्रशिक्षण मिळून ५० लाख, ग्राउंड क्लासेस व परीक्षा ३, राहणं-खाणं ५, लायसन्स मिळाल्यावर नोकरीची वाट बघण्याचं एक वर्ष ४. झाले ६२. त्यावर एअरबस ए३२० सारख्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची पात्रता, त्याचे १५ ते २० लाख. हे शेवटचे पैसे ऑफर हातात असल्याशिवाय खर्च करायचे नाहीत.

६२ लाख कसे जमतील? ठेवींतले ५ लाख अडीअडचणीला बाजूला ठेवा. उरलेल्या ठेवी आणि फंड मिळून १८, तीन वर्षांची शिल्लक सुमारे १४, आणि कर्ज ३० लाख. बागेला हात लागत नाही. शिक्षणकाळात व्याज साठत जाऊन कर्ज ३६ लाखांच्या आसपास जाईल. ११ टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता जवळपास ५० हजार. मुलीला दोन वर्षं नोकरी नाही लागली तरी घर ओढाताणीत का होईना, हा हप्ता भरू शकतं. हेच कर्ज ६० लाखांचं असतं तर व्याज न साठताही हप्ता ८२ हजारांवर जातो. तो तुमच्याच्याने भरला जाणार नाही.

तारणाची गोम लक्षात ठेवा. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते, आणि शेतजमीन नको म्हणते. बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याने शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, म्हणून. गहाण पडेल तो फ्लॅट. ३० लाखांवर माझा हट्ट त्यासाठीच आहे. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. त्यावर फार विसंबू नका.

बाग राखायला सांगतोय त्यामागे अजून एक कारण आहे. तुम्ही २००८ ला लागलात, म्हणजे जुनी पेन्शन नाही. ती दोन एकर हा तुमच्या म्हातारपणाचा मोठा आधार आहे, आणि धाकट्याचं शिक्षणही त्यातूनच निघायचंय.

आता क्रम. पहिला खर्च मेडिकलचा : आधी क्लास टू, मग क्लास वन. काही हजारांत कळतं की पुढे जायचं की नाही. चष्म्याचं भय नसतं, नंबर काचेने पूर्ण सुधारत असला की चालतं. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र बहुतेक वेळा तिथेच थांबावं लागतं. लाखो रुपये भरून मग मेडिकलला गेलेली घरं मी पाहिली आहेत. त्यानंतर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स हे पेपर. पासिंग ७० टक्के. वर्षभरात हे निघाले नाहीत तर बुडाले ते दोन-तीन लाख. निघाले, तर उड्डाणाचे पैसे काढायचे. निकालांना मुदत असते, तेव्हा फार रेंगाळूही नका.

फ्लाइंग स्कूल बघायला माहितीपत्रक घेऊन बसू नका, सकाळी आठला जाऊन धावपट्टीजवळ उभे राहा. किती विमानं उडतात, किती ताडपत्रीखाली आहेत ते मोजा. सीनियर मुलाची लॉगबुक मागून गेल्या सहा महिन्यांत त्याचे तास किती झाले बघा. महिन्याला आठ-दहाच होत असतील तर २०० तासांना जवळपास दोन वर्षं लागतील, आणि हॉस्टेलचं मीटर चालूच राहील. आपल्याकडे पावसाळ्यात ढग आणि दृश्यमानतेपायी उड्डाणं रखडतात, तेही धरा. गोंदियाची एनएफटीआय, बॉम्बे फ्लाइंग क्लबचं धुळ्याचं केंद्र, बारामती ही आपल्याकडची ठिकाणं पाहाच. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी प्रवेश परीक्षा घेते, ती मुलीने द्यावीच. डीजीसीएने २०२५ पासून संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केलीय, यादी सार्वजनिक आहे. फी मात्र कुठेही तासांच्या टप्प्यांनी भरा. सगळी आगाऊ घेणारी संस्था बंद पडली तर तुमचे पैसे शोधायला दिवाणी कोर्ट.

विमान कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रमही आहेत, टाइप रेटिंगसकट. खर्च कोटीच्या घरात, आणि नोकरीचं पत्र अटींवर. तुमच्या मिळकतीला ते झेपणार नाही.

पायलटची टंचाई आहे असं कॉलेजवाले सांगतील. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली हे खरंच आहे. पण टंचाई मुख्यतः कॅप्टनची. त्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्सला १५०० तास लागतात. दोनशे तासवाल्यांची रांगच असते. आज बाजार बघून बाग लावावी आणि माल येईपर्यंत दर कुठे असेल ते कुणालाच सांगता येऊ नये, हा व्यवहार तुम्हाला मी सांगायला नको.

टाइप रेटिंगची वेळ येईल तेव्हा, तीनेक वर्षांनी, हवं तर अर्धा एकर विकायचा विचार करा. तोवर गिऱ्हाइकाकडून इसार घेऊ नका. आणि कर्जावर सह्या दोघांच्या असतील, तर कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स दोघांचाही आधी काढा. यजमानांचा तर आधीच, दुकानदाराच्या मागे सरकारी नोकरीचा आधार नसतो.